मोटर फिरली की कंट्रोलर रीसेट: रोबोकॉनच्या २४ व्होल्ट आणि ५० किलोच्या मर्यादेत राहून दोष कसा शोधायचा

लक्षणं आधी. यातलं एक जरी तुमच्या रोबोत दिसत असेल तर पुढचं वाचा.

- चाकं हवेत असताना सगळं नीट चालतं. रोबो जमिनीवर उतरवून जॉयस्टिक पूर्ण ढकलली की एक धक्का बसतो, कंट्रोलर बंद पडतो आणि दोन-तीन सेकंदांनी आपोआप सुरू होतो.
- सरळ जाताना त्रास नाही, पण पूर्ण वेगातून एकदम उलट दिशा दिली की हमखास रीसेट.
- बॅटरी ताजी असताना पहिले दोन राउंड छान जातात, तिसऱ्यापासून रडगाणं सुरू.
- चेंडू फेकणारी चाकं वेग घेताना किंवा वायवीय सिलिंडरचा व्हॉल्व्ह सुटताना रोबो गोठतो.
- रोबो दुसऱ्या रोबोवर किंवा कठड्यावर आदळला की बंद.
- ईएसपी३२ हा कंट्रोलर बोर्ड वापरत असाल तर सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ (म्हणजे व्होल्टेज फार खाली गेलं) अशी ओळ. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण.

दरवर्षी वेगवेगळ्या कॉलेजांचे संघ हाच रोबो, हाच दोष घेऊन येतात. यंत्रणा वेगळी, थीम वेगळी, दोष तोच. त्याचं कारण स्पर्धेच्या नियमांतच आहे, म्हणून आधी तिथे थोडं थांबू.

नियम हा दोष का घडवतात

एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेज संघांची रोबो स्पर्धा २००२ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि दरवर्षी यजमान देश नवीन खेळ ठरवतो. २००८ मध्ये यजमानपद पुण्याकडे होतं, तेव्हा दहीहंडीवरचा ‘गोविंदा’ होता. २०१४ मध्ये पुन्हा पुणं. २०२२ मध्ये दिल्लीत आपली लगोरी. खेळ बदलतो, पण काही बंधनं वर्षानुवर्षं जवळजवळ तीच राहतात: बॅटरीचं नाममात्र व्होल्टेज २४ च्या आत, हवेचा दाब ६०० किलोपास्कलच्या आत, प्रत्येक रोबोवर आपत्कालीन थांब्याचं बटण, आणि वजनाची मर्यादा. लगोरीच्या वर्षी दोन्ही रोबो मिळून ५० किलो होते, बॅटरी, केबल आणि कंट्रोलर धरून.

आता यातून काय होतं ते पाहा. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेजला झाकण लावलं की जास्त शक्ती हवी असेल तर करंटच वाढवावा लागतो. ५०० वॉट हवे असतील तर २२ व्होल्टला जवळपास २३ अँपिअर, आणि मोटर थांबलेल्या अवस्थेतून उचल घेताना त्याच्या कितीतरी पट. हा सगळा करंट तारांतून, जोडांतून आणि बटणाच्या संपर्कातून जातो. दुसऱ्या बाजूने वजनाची मर्यादा तारा बारीक करायला, बॅटरी लहान करायला आणि दुसरी बॅटरी काढून टाकायला भाग पाडते. म्हणजे नियम करंट वाढवतात आणि करंट वाहायचा रस्ता अरुंद करतात. पट्टी लावून हा दोष जात नाही, आणि ‘मोठी बॅटरी टाका’ हा सल्ला बहुतेकदा वजनकाट्यावर फसतो. खालचे सगळे उपाय तपासणीच्या टेबलावर टिकतील असेच निवडले आहेत.

१. हा रीसेट आहे की रेडिओ तुटतो आहे? (खर्च: शून्य)

दोन्ही दोष बाहेरून सारखेच दिसतात: रोबो थांबतो. पण उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हे पहिल्यांदा वेगळं करा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, म्हणजे सेटअप फंक्शनमध्ये, बझर दोनदा वाजवा. सामन्याच्या मध्येच बझर वाजला तर कंट्रोलर खरोखर रीसेट झाला. बझर गप्प राहिला आणि रोबो थांबला तर ब्लूटूथ किंवा वायफायची जोडणी तुटली आहे.

जोडणीचा दोष असेल तर या पोस्टचा फारसा उपयोग नाही. तरी एक सांगतो: ब्लूटूथ, झिगबी आणि बरंचसं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि प्रेक्षकांनी भरलेल्या स्टेडियममध्ये तो पट्टा तुडुंब असतो. रिसीव्हर अॅल्युमिनियमच्या चौकटीत खोल बसवला असेल तर त्याला उघड्यावर, उंच आणि मोटर ड्राइव्हरपासून (मोटरला करंट पुरवणाऱ्या बोर्डापासून) लांब आणा. यातच बऱ्याच संघांचं काम होतं.

तिसरी शक्यताही याच टप्प्यावर बाद करा. मोटरच्या बॅटरीची जोडणी काढा, कंट्रोलरला लॅपटॉपच्या यूएसबीवरून वीज द्या आणि तोच प्रोग्रॅम पंधरा मिनिटं चालवा, जॉयस्टिक हलवत राहा. तरीही बझर वाजला तर दोष प्रोग्रॅममध्ये आहे: वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला की कंट्रोलर रीसेट करणारा टायमर), मेमरी संपणं किंवा अडकलेलं लूप. मग मल्टीमीटर ठेवून द्या आणि कोड उघडा.

ईएसपी३२ आणि एसटीएम३२ या दोन्ही कंट्रोलरांत रीसेटचं कारण प्रोग्रॅममधून वाचता येतं. ते वाचून सीरियलवर छापायची सोय आजच करून ठेवा. पुढचे अनेक तास वाचतील.

२. हाताने चाकं फिरवा (खर्च: शून्य)

वीज बंद, हवेचा दाब सोडलेला, रोबो स्टूलवर. प्रत्येक चाक हाताने फिरवा. चारही चाकांचा अडथळा साधारण सारखा लागला पाहिजे. एक चाक जड असेल तर त्याची मोटर बाकीच्यांपेक्षा जास्त करंट ओढणार, आणि तो ताण सगळ्या रोबोला सोसावा लागणार. बेअरिंग तिरकं बसलेलं, चेन फार ताणलेली, कपलिंगचा स्क्रू ढिला, ऑम्नी चाकाचा रोलर चौकटीला घासणारा, हे सगळं इथे सापडतं. वाहतुकीत चौकट किंचित वाकली तरी हेच होतं, म्हणून स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर हे पहिलं करा.

३. बॅटरी, पण लोडवर

जवळपास प्रत्येक संघ सांगतो, ‘बॅटरी फुल आहे, मोजली’. मोजली ती भार नसताना. भार नसताना बॅटरी चांगलंच व्होल्टेज दाखवते. खरं रूप करंट ओढला की कळतं. इमारतीत खालच्या मजल्यांवर सगळे नळ एकदम उघडले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसं आत होत असतं.

लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीच्या बॅलन्स तारेला, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांच्या जोडाला, लावायचा सेल चेकर स्वस्तात मिळतो. तो लावून रोबो जमिनीवर चालवा आणि उचल घेताना प्रत्येक सेलचा आकडा पाहा. लायपो सेलचं नाममात्र व्होल्टेज ३.७, पूर्ण भरलेला ४.२. लोडवर सगळे सेल मिळून थोडे खाली येणं ठीक आहे. एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली कोसळत असेल, समजा बाकी ३.७ वर आणि तो ३.२ वर, तर तो सेल संपला आहे आणि बॅटरी बदलण्याशिवाय मार्ग नाही. सगळेच सेल एकसारखे ३.५ च्या खाली जात असतील तर बॅटरी भार पेलत नाही. पाकिटावरचा सी रेटिंगचा (क्षमतेच्या किती पट करंट देता येतो त्याचा) आकडा पाहून निश्चिंत राहू नका. ५००० एमएएचच्या बॅटरीवर २५ सी छापलं की कागदावर १२५ अँपिअर होतात. प्रत्यक्षात अंतर्गत रोध ४० मिलिओहम असेल तर ६० अँपिअरला बॅटरीच्या आतच २.४ व्होल्ट गायब होतात.

इथे नियमाचा एक मुद्दा आहे आणि त्यावर दरवर्षी तपासणीच्या टेबलावर वाद होतो. ६ एस लायपो, म्हणजे मालिकेत सहा सेल, नाममात्र २२.२ व्होल्ट, पण पूर्ण भरली की २५.२. रोबोकॉनची मर्यादा नाममात्र व्होल्टेजवर असते, म्हणून ६ एस चालते. ७ एस म्हणजे २५.९, ती चालत नाही. पण सगळ्याच स्पर्धांचे नियम असे लिहिलेले नसतात, काही ठिकाणी मोजलेलं व्होल्टेज धरतात. तुमच्या वर्षाच्या पुस्तिकेतलं कलम छापून बॅटरीच्या पेटीत ठेवा आणि बॅटरीवरचं लेबल फाटू देऊ नका. लेबल नसलेल्या, श्रिंक रॅप स्वतः चढवलेल्या पॅकवर तपासनीस शंका घेतात आणि ते योग्यच आहे.

लिथियम-आयन सेलचा पॅक बीएमएससह (पॅकचं संरक्षण करणाऱ्या सर्किटसह) वापरत असाल तर आणखी एक पाहा. करंट ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बीएमएस पूर्ण पुरवठाच तोडतं. लक्षण ओळखू येतं: सगळ्या रोबोवरचे सगळे दिवे एकदम विझतात, आणि कधीकधी बॅटरी काढून लावल्याशिवाय परत येत नाहीत. हे घडत असेल तर जास्त क्षमतेचं बीएमएस लागेल. बीएमएस काढून टाकणं हा उपाय नाही, ते आग लागू नये म्हणून तिथे आहे.

४. जोड, तारा आणि लाल बटण: बहुतेक वेळा दोष इथेच असतो

आता थोडं गणित, कारण इथेच बहुतेक जण चुकीच्या दिशेने जातात. बॅटरी २२ व्होल्टची आणि कंट्रोलरला लागतात ५. मध्ये बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट, आहे. बॅटरी लोडवर १६ पर्यंत खाली आली तरी बक कन्व्हर्टर ५ व्होल्ट आरामात देतो. मग कंट्रोलर रीसेट का होतो? ‘बॅटरी खचते’ एवढ्याने उत्तर मिळत नाही. कंट्रोलरपर्यंतचा पुरवठा काही मिलिसेकंद जवळजवळ शून्यावर जात असला पाहिजे, आणि तसं करणारी गोष्ट म्हणजे तुटतजुळत राहणारा एखादा जोड.

पहिली चाचणी: प्रोग्रॅममध्ये मोटर बंद ठेवा, कंट्रोलर चालू ठेवा, आणि बॅटरीपासून सुरुवात करून प्रत्येक जोड लाकडी पट्टीने हळूच ठोका, तारा हलवा. बझर वाजला की जागा सापडली. आदळल्यावर बंद पडणाऱ्या रोबोचा दोष जवळजवळ नेहमी याच चाचणीत मिळतो.

दुसरी चाचणी जास्त मोलाची आहे आणि फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या दोन पिना *एकाच* जोडाच्या दोन बाजूंना लावा: कनेक्टरच्या अलीकडे एक, पलीकडे एक. मग मोटरवर भार द्या. चांगला जोड असेल तर वाचन काही दहा मिलिव्होल्ट येतं. अर्धा व्होल्ट आला तर तो जोड खराब आहे, दिसायला कितीही चकाचक असो. बॅटरीच्या धन टोकापासून ड्राइव्हरपर्यंत आणि ड्राइव्हरच्या ऋण टोकापासून परत बॅटरीपर्यंत, असा एकेक जोड पार करत जा. ऋण बाजू विसरू नका. करंट तिथूनही तेवढाच परत येतो आणि संघ नेमकी तीच बाजू बारीक तारेने जोडतात. चाकं हवेत असताना भार पुरेसा येत नाही, म्हणून रोबो भिंतीला टेकवून कमी पीडब्ल्यूएमवर (मोटरला किती टक्के शक्ती द्यायची तो आकडा) एक-दोन सेकंद ढकलू द्या, जास्त नाही. एकाने मीटर धरावा, दुसऱ्याचा हात आपत्कालीन बटणावर असावा.

कुठे काय सापडतं, अनुभवाच्या क्रमाने:

आपत्कालीन बटण. नियम सांगतो की बटण हवं, म्हणून संघ दुकानातून लाल मशरूम बटण आणतात आणि बॅटरीची मुख्य तार सरळ त्यातून नेतात. त्या बटणाचा संपर्क साधारण १० अँपिअर एसीसाठी असतो. त्यातून ५०-६० अँपिअर डीसी गेले की संपर्काला खड्डे पडतात, रोध वाढतो, आणि एके दिवशी धक्क्याने संपर्क क्षणभर सुटतो. त्याहून वाईट म्हणजे संपर्क वितळून चिकटू शकतो, आणि मग बटण दाबूनही रोबो थांबत नाही. योग्य पद्धत: बटणाने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच) किंवा मोठ्या डीसी रिलेची कॉइल तोडायची आणि मुख्य करंट त्या कॉन्टॅक्टरमधून न्यायचा. वजन थोडं वाढतं, पण ते द्यावंच. बटण दाबल्यावर मोटरचा पुरवठा तुटला पाहिजे; कंट्रोलरचा चालू राहिला तर पुन्हा सुरू होणं सोपं जातं, फक्त तुमच्या वर्षीचा नियम त्याला परवानगी देतो का ते पाहा.

स्क्रू टर्मिनल. बारीक धाग्यांची तार सरळ स्क्रूखाली दाबली की कंपनाने ती ढिली होते. फेरूल (तारेच्या टोकावर चेपायची धातूची नळी) लावा. सोल्डर पाजलेलं टोक स्क्रूखाली घालू नका. सोल्डर मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि पंधरा दिवसांत जोड पुन्हा ढिला.

थिंबल. पक्कडीने चेपलेलं थिंबल म्हणजे जोड नव्हे. क्रिंपिंगच्या अवजाराने दाबा, मग ओढून पाहा. हाताने निघालं तर ते रोबोवरही निघणार होतं.

कनेक्टर. एक्सटी६० नावाप्रमाणे ६० अँपिअरच्या आसपासचा आहे, पण बाजारात नकली भरपूर आहेत. काही राउंडनंतर वीज बंद करून कनेक्टरला हात लावा. बाकी तार थंड आणि कनेक्टर गरम असेल तर तो बदला.

तारेची जाडी. अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटर) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ७ मिलिओहम. बॅटरी ते ड्राइव्हर एक मीटर जाणं आणि एक मीटर येणं, असे १४ मिलिओहम, म्हणजे ६० अँपिअरला ०.८ व्होल्टहून जास्त. बॅटरी ड्राइव्हरजवळ सरकवून तार निम्मी केलीत तर नुकसानही निम्मं आणि वजनही कमी. जाड तार घेण्याआधी लांबी कापा.

५. वेग हळू चढवा (खर्च: कोडच्या दहा-बारा ओळी)

आधी निदानासाठी: पीडब्ल्यूएमची कमाल मर्यादा ४० टक्के करा. रीसेट थांबला तर दोष करंटशी निगडित आहे हे पक्कं झालं.

मग उपाय. जॉयस्टिकचा आकडा सरळ मोटरला देऊ नका. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत जायला २०० ते ३०० मिलिसेकंद लागतील अशी चढण ठेवा. उलट दिशेसाठी हे विशेष महत्त्वाचं आहे. फिरणारी मोटर स्वतः व्होल्टेज तयार करत असते. दिशा एकदम उलटली की ते व्होल्टेज बॅटरीच्या विरोधात न राहता तिच्या बाजूने मिळतं आणि करंट थांबलेल्या मोटरच्या करंटपेक्षाही वर जातो, जवळपास दुपटीपर्यंत. म्हणून आधी शून्यावर आणा, मग उलट चढवा.

चालक सुरुवातीला तक्रार करतो की रोबो मंद झाला. स्टॉपवॉच लावून दोन्ही मोजून दाखवा. चाकं घसरत सुटणाऱ्या रोबोपेक्षा चढणीने सुटणारा रोबो बहुतेकदा आधी पोहोचतो.

लगोरीच्या वर्षी चेंडू फेकणाऱ्या चाकांनी हाच धडा दिला. दोन जड चाकं एकाच क्षणी फिरवायला घेतली आणि त्याच वेळी चालकाने रोबो पुढे काढला की पुरवठा कोलमडायचा. फेकणारी चाकं शंभर-दीडशे मिलिसेकंदांच्या अंतराने एकामागून एक सुरू केली की प्रश्न मिटायचा. एकही पैसा लागत नाही, एक ग्रॅमही वाढत नाही.

६. कंट्रोलरचा स्वतःचा पुरवठा

७८०५ (जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत घालवणारा रेग्युलेटर) वापरून २४ चे ५ व्होल्ट करत असाल तर आधी तो काढा. अर्धा अँपिअर ओढला तरी (२४ − ५) × ०.५ म्हणजे ९.५ वॉट त्या चिमुकल्या तुकड्यात उष्णता होऊन जिरतात. तो तापतो आणि स्वतःला बंद करतो. रोबो दोन मिनिटं छान चालून मग बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

बक कन्व्हर्टर चांगला, पण बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलवर लिहिलेले ३ अँपिअर हीट सिंकशिवाय सतत मिळत नाहीत. त्याच ५ व्होल्टवर सर्वो मोटर टांगल्या असतील तर त्या वेगळ्या कन्व्हर्टरवर न्या. सर्वो अडकला की तोच कंट्रोलरला उपाशी ठेवतो.

क्षणिक तुटीसाठी कन्व्हर्टरच्या आत येणाऱ्या बाजूला एक शॉटकी डायोड आणि त्यानंतर कपॅसिटर लावा. डायोडमुळे कपॅसिटरमधला साठा मोटरकडे परत वाहत नाही. किती मोठा? करंट गुणिले वेळ, भागिले चालणारी घट. अर्धा अँपिअर, २० मिलिसेकंद, ३ व्होल्ट घट चालणार असेल तर सुमारे ३३०० मायक्रोफॅरड. ३५ व्होल्टचा घ्या, २५ चा नको, कारण भरलेली ६ एस बॅटरीच २५.२ देते.

सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे कंट्रोलरसाठी वेगळी लहान बॅटरी, २ एस किंवा ३ एस. दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन. दोन्ही बॅटरींचं ऋण टोक एकाच बिंदूवर जोडा. तो बिंदू ड्राइव्हरजवळ, जाड पट्टीवर असावा. मोटरचा परतीचा करंट कंट्रोलरच्या बारीक ग्राउंड तारेतून कधीही जाऊ देऊ नका, नाहीतर कंट्रोलरचा शून्यच वरखाली होतो. आणि दुसरी बॅटरी मुख्य बॅटरीशी मालिकेत जोडली जाणार नाही याची खात्री करा, कारण मग बेरीज २४ च्या वर जाते आणि तपासणीत रोबो बाद होतो.

७. व्हॉल्व्ह, रिले आणि गोंगाट

व्हॉल्व्ह सुटताच रोबो गोठत असेल तर व्हॉल्व्हच्या कॉइलवर उलटा डायोड आहे का ते पाहा. कॉइल तोडली की ती काही क्षण मोठं उलट व्होल्टेज फेकते. १एन४००७ डायोड कॉइलच्या दोन टोकांना, पट्टीची बाजू धनाकडे. दोन-तीन रुपयांचं काम आहे. ब्रश मोटरच्या टोकांवर १०४ क्रमांकाचा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर, मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून, आणि एन्कोडरच्या (चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारा त्यांच्यापासून लांब. रीसेट न होता फक्त एन्कोडरचे आकडे उड्या मारत असतील किंवा दिशादर्शक सेन्सर गोठत असेल तरीही उपाय हेच.

८. ड्राइव्हर आणि मोटर

दोन मोटरचे ड्राइव्हर आपसात बदला. दोष ड्राइव्हरसोबत सरकला तर ड्राइव्हर, जागेवर राहिला तर मोटर किंवा तिची तार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर चारही मोटरचा विनाभार करंट मोजा. वेगळी पडणारी मोटर लगेच दिसते.

९. गिअर गुणोत्तर: सर्वात अवघड, म्हणून शेवटी

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरीही रोबो कोसळतो, तर रचना मर्यादेपलीकडे मागते आहे. २५ किलोचा रोबो घ्या, चाक आणि जमिनीचा घर्षणांक ०.६ धरा. जमिनीला जास्तीत जास्त २५ × ९.८ × ०.६ म्हणजे १४७ न्यूटन ढकलता येतात. त्यापुढचा करंट नुसतं चाक घसरवतो. २२ व्होल्टला कमाल वेग सेकंदाला ३ मीटर येईल असं गिअर गुणोत्तर असेल तर, घट सोडून, १४७ न्यूटनसाठी सुमारे २० अँपिअर पुरतात. तेच गुणोत्तर ५ मीटरसाठी केलं तर ३३. चालकाला वाढलेला वेग दिसतो, पुरवठ्याला वाढलेला करंट.

मैदानावर रोबो खरोखर किती वेळ पूर्ण वेगात धावतो ते व्हिडिओवर मोजा. बहुतेक थीममध्ये अंतर इतकं कमी असतं की रोबो त्या वेगाला पोहोचण्याआधीच थांबायची वेळ येते. गुणोत्तर वाढवा, कमाल वेग थोडा सोडा, आणि उचल सुधारेल. हे काम स्पर्धेच्या आठवड्यात करू नका. चौकट, चेन आणि प्रोग्रॅममधले सगळे आकडे बदलतात.

इथे हात थांबवा

फुगलेली लायपो, गोडसर वास येणारी, एखादा सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेली किंवा आदळून दबलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. टोचायची नाही, उघडायची नाही. बाहेर मोकळ्यावर वाळूच्या बादलीत ठेवा, प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. ‘एवढा एक सामना काढू’ असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

लिथियम पॅकचे सेल बदलणं, स्पॉट वेल्डिंग, बीएमएस बसवणं हे पॅक तयार करणाऱ्याचं काम आहे. चार्जरच्या २३० व्होल्टच्या बाजूला दोष असेल तर इलेक्ट्रिशियन.

हवेच्या टाकीला चीर, गंज, दबलेली जागा किंवा शंकास्पद व्हॉल्व्ह दिसला तर दाब भरू नका. प्लॅस्टिकची बाटली चालणाऱ्या वर्षीही ओरखडा पडलेली बाटली फेकून द्या. ६०० किलोपास्कल म्हणजे ६ बार, साधारण ८७ पीएसआय. आपल्या वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची मापी बहुधा पीएसआयमध्ये असते, तेव्हा रेग्युलेटर लावताना एकक नीट वाचा. धातूच्या टाकीची दाबचाचणी करायची असेल तर ती करणाऱ्या संस्थेकडेच न्या.

आणि नियमाच्या अर्थाबद्दल शंका असेल तर सीनियरला विचारून थांबू नका. आयोजक शंकांची लेखी उत्तरं देतात, तीच तपासणीत ग्राह्य धरतात. मागच्या वर्षीचं उत्तर या वर्षी लागू पडेलच असं नाही.

दुरुस्तीनंतर

कॉन्टॅक्टर, दुसरी बॅटरी, जाड तार यातलं काहीही वाढवलं असेल तर रोबो पुन्हा तोला. मर्यादा दोन्ही रोबोंच्या बेरजेवर असेल तर दुसऱ्या रोबोचं वजनही त्याच दिवशी, त्याच काट्यावर. कॉलेजचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत फरक निघतो, म्हणून अर्धा किलो तरी हातचा ठेवा. तपासणी झाल्यावर बदल केलात तर तपासनीसांना सांगून पुन्हा तपासून घ्या.

एवढं करूनही दोष राहिला आणि कोणाची मदत घ्यायची असेल तर जाताना हे लिहून न्या: रीसेटचं प्रोग्रॅमने छापलेलं कारण, लोडवर प्रत्येक सेलचं व्होल्टेज, प्रत्येक जोडावरची व्होल्टेजची घट, कोणत्या हालचालीला दोष येतो, आणि वीजजोडणीची हाताने काढलेली आकृती, ऋण बाजूच्या तारांसकट.